भर सभेत कानाची पारख

या गुरुजी, बसा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा हाय, हिकडं बाजंवर बसा. च्या ठिवलाय, शेळीच्या दुधाचा हाय, चालंल ना? शाळा उघडायला अजून चार दिस हायत आन् तुम्ही आजच गाव बघाया आला, ह्ये मला आवडलं. आता आलाच हाय तर एक गोष्ट ऐकून जा. मी एका माणसाचा सूड कसा घेतला त्याची हाय. भर सभेत, त्याच्या बापाम्होरं, सगळं गाव हसलं. सांगताना मला अजून गोड लागती. पण मधनं उठू नका. कारण त्या सुडाचा फटका त्याला बसला तेवढाच अजून एका माणसाला बसला, आन् त्या माणसाच्या जागंवर आता तुम्ही आलाय.

मी म्हस्कू. शाळा दुसरीपतूर. त्याच्या पुढं मेंढरं. बापाच्या मागनं ह्या घोडनदीच्या काठापासनं पार दौंडाच्या माळापतूर पाय झिजवलं. आता मेंढरं गेली, कांदा हाय, थोडा ऊस हाय, ह्या सात शेळ्या हायत. पोरगा हनुमंत कंपनीत जातो. त्याची पोरगी प्रगती. मघाशी तुम्हाला पाणी दिलं तीच. तुम्ही तिला नाव इचारलं आन् ती तुमच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, व्हय ना? लाजरी न्हाई ती. तुम्ही तिच्या डाव्या अंगाला बसला हुता. त्या कानानं तिला ऐकू येत न्हाई.

जलमापासनं न्हाई बरं का. जलमाला आली तवा पाल चुकचुकली तरी जागी व्हायची.

गेल्या दिवाळीनंतर गावात इलेक्शन झालं. आनंदराव सरपंच झालं. मोठं घर, नदीलगतचा सगळा ऊस त्यांचा, सोसायटीत त्यांचं चालतं. आमच्या धनगरवाड्यानं यंदा एकगठ्ठा मतं त्यांना टाकली. मग गुलालाची मिरवणूक निघाली. आनंदरावांचा पोरगा सम्राट, त्याचा सवताचा डीजे हाय. साधासुधा न्हाई, वरवंडापासनं शिरूरपतूर त्याला बोलावणं असतं. ट्रॉलीवर माणूसभर उंच पेट्यांची भिंत, वर लायटी. त्या दिवशी सकाळी बुलेटवर बसून सम्राट आमच्या वाड्यात आला.

"म्हस्कूमामा," म्हणला, "आज तुमच्या वाड्याचा मान पयला. तुमची पोरं ट्रॉलीवर बसवा, साऊंडच्या म्होरं. दिसू द्या गावाला, वाडा कुणाबरूबर हाय ते."

गुरुजी, तुम्ही बाहेरचं. तुम्हाला त्यातलं कळायचं न्हाई. माझ्या हयातीत गावात किती मिरवणुका निघाल्या. आमची माणसं घोंगडं खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडंला उभी. वर चढ म्हणून कुणी म्हणलं न्हाई. आन् आज ह्यो पोरगा दारात येऊन मान देतोय. मी असा फुगलो! पोरीला नवा फ्राक घातला. तिच्या बगलंत हात घालून मीच तिला ट्रॉलीवर ठिवली. मीच. कुणी वढून न्हेली न्हाई.

गाणं लागलं. पोरगी वाकून मला सांगाया लागली, "आबा, छातीत धडधडतंय." मला ऐकूच येईना. तिच्या तोंडावरनं वळखलं. मी खालनं वरडलो, "आगं नाच की मग!"

दुपारी बारापासनं दिवस कलायपतूर ती त्या भिंतीम्होरं हुती.

घरी आली आन् म्हणली, "आबा, कानात रातकिडं वरडत्यात." माझी बायको सगुणा, तिनं तेल कोमट करून कानात घातलं. दोन दिस, चार दिस, आठ दिस. रातकिडं थोडं कमी झालं म्हणली. आम्ही इसारलो.

इसारली न्हाई ती शाळंतली बाई. सुलक्षणाबाई. दौंड तालुक्यातल्या खुटबावची, रोज स्कूटीवर यायची. अंगानं एवढीशी, पण वर्गात आली की पोरं कशी चिडीचूप. ती एक दिस संध्याकाळी वाड्यात आली, हेल्मेट काखंत.

"आबा, प्रगतीला घरी हाक मारली की ती लगेच ओ देते का?"

"आता पोरीची जात, खेळात आसती..."

"खेळातलं नका सांगू. पाठीमागनं हाक मारली तर?"

 सगुणा चुलीपासनं म्हणली, "बाई, टीवी लई मोठा करती. मी वरडते तिच्यावर."

"वरडू नका," बाई म्हणली. "मी पण आठ दिवस वरडत होते. शुद्धलेखनात चुका व्हायला लागल्या, मला वाटलं लक्ष नाही. मग बघितलं, पंखा चालू असला की जास्त चुका. मी तिच्या डावीकडं उभी राहून सांगितलं की चुका, उजवीकडं उभी राहिले की एक पण नाही. कानाच्या डॉक्टरकडं न्या. उद्याच."

शिरूरला न्हेली. डाक्टरनं मिशीन लावलं, कागदावर रेघा काढल्या. म्हणला, डावा बराचसा गेलाय, आन् तो आता परत यायचा न्हाई. उजव्याला थोडा मार लागलाय पण चांगला हाय, तेवढा जपा. मी म्हणलो, साहेब, औषध द्या, आपरेशन करा. तवा त्यानं समजावलं. कानात लई आत बारीक केसं असत्यात, गवतावानी. आवाज आला की वाकत्यात आन् पुन्हा उभी ऱ्हात्यात. पण लई मोठा आवाज लई येळ लागला की मोडत्यात. मोडलेली पुन्हा उगवत न्हाईत.

येष्टीत पोरगी माझ्या उजव्या बाजूला बसली हुती. मी तिच्याशी सारा रस्ता बोलत आलो. घोडनदीच्या पुलावर ध्यानात आलं, मी तिच्या डाव्या कानात बोलतोय. ती खिडकीतनं बाहेर बघत हुती.

त्या पुलावर मी ठरवलं. सम्राटला सोडायचा न्हाई.

घरी आलो, मेंढराची लोकर कातरायची कातर काढली. दीड हात लांब, पोलादी. दगडावर घासली. सगुणा म्हणली, "आवं, मेंढरं हायत कुठं आता?"  दुसऱ्या दिवशी दुपारी सम्राटची माणसं जेवायला जात्यात त्या येळंला निघालो. त्याचं गोडाऊन रोडच्या कडंला. सगळ्या केबली कातरायच्या, मग पेट्यांचं पडदं फाडायचं, आन् मग तो आला तर, काय सांगू तुम्हाला गुरुजी, मग तोबी.

फाट्यावर समोरनं स्कूटी आली. थांबली.

"आबा, कातर घेऊन कुठं?"

"लोकर कापाया."

"कुणाची?"

 बाई उतरली, हात पुढं केला. "आणा हिकडं."

"बाई, तुम्ही ह्यात पडू नका. माझ्या पोरीचा कान गेलाय."

"माझ्या वर्गात अजून पोरं आहेत. त्या ट्रॉलीवर तुमच्या वाड्यातली नऊ होती, आणि खाली नाचणारी सगळी शाळा. तुम्ही केबल कापाल, तो आठ दिवसांत नवी आणील. तुम्ही आत जाल. आणि जत्रेत तीच पोरं परत त्याच भिंतीसमोर उभी राहतील. मला त्यांचे कान वाचवायचेत. तुमच्या रागाचं मी काय करू?"

मी कातर दिली. दिली म्हंजी तिनं घेतली. स्कूटीच्या डिकीत मावंना, तशीच पायापाशी ठिवली. मग म्हणली, "आबा, सगळ्या पोरांना शिरूरला न्यायला आईबाप तयार होत नाहीत. म्हणतात, काय झालंय आमच्या पोराला? मला आधी गावातच काहीतरी चाळणी लावायची आहे. तुमच्या माणसांत राखणीला पोरगं ठेवताना कान बघतात का हो?"

बघत्यात म्हंजी! गुरुजी, मेंढरं डोळ्यानं कमी आन् कानानं जास्त राखायची असत्यात. धुकं आलं, ज्वारी उंच झाली, की दिसत काय न्हाई. कोकराच्या गळ्यातली घंटी वाजती तेवढाच पत्ता. म्हणून पोराच्या हवाली मेंढरं करायच्या आधी म्हातारं माणूस त्याची पारख करायचं. डोळ्याला फडकं बांधायचं, माळावर मधी बसवायचं. वीस पावलांवरनं एक जण फिरत फिरत कोकराची बारीक घंटी हलवायचा. पोरानं काठी करून दाखवायचं, कुठं वाजली. तीनदा चुकला तर त्याला मेंढरं न्हाईत. माझी पारख बापानं घेतली हुती.

बाईचं डोळं चमकलं. "एका कानानं दिशा कळतच नाही आबा. आणि मोठ्या आवाजानं पहिला जातो तो बारीक आवाजच. तुमची माणसं हुशार."

दुसऱ्या दिवशी मी घंट्या शाळंत दिल्या. बाईनं पटांगणात एकेका पोराला बसवलं. खेळासारखं. पोरं तर रांग सोडीनात. अठ्ठेचाळीस पोरं. सहा चुकली. बाईनं त्यांना नापास म्हणलं न्हाई, आईबापाला घरी जाऊन सांगितलं, ही नुसती घंटी हाय, खरं काय ते डाक्टर सांगंल. दोघांच्या कानात मळ निघाला, ती पार बरी झाली. चौघांना मार लागलेला निघाला, त्यात आमची प्रगती.

मग बाईनं पोरांना शिकवायला घेतलं. हात लांब कर, त्या हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलाया वरडावं लागलं, तर तो आवाज कानाला वाईट. मग काय करायचं? मागं सरायचं. सरता आलं न्हाई तर बोटं घालायची कानात, लाजायचं न्हाई. कापसाचा बोळा काय कामाचा न्हाई, त्यानं नुसतं वाटतं. थोड्या येळानं लांब जाऊन कानाला इसावा द्यायचा. आन् कानात शिट्टी वाजली तर घरी सांगायचं, लपवायचं न्हाई. आमच्या वाड्यातली पोरं घरात हात लांब करून फिराया लागली. हनुमंत मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायचा, तर पोरगी त्याच्याम्होरं हात करून उभी, "पप्पा, तुमचं वाईट हाय."

हे सगळं चांगलं चाललं हुतं. पण माझ्या पोटातली आग काय इझली न्हवती. रोज सकाळी सम्राटची बुलेट वाड्यावरनं जायची, आन् मी रोज मनात त्याला एकदा मारायचो.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळंच्या पटांगणातच ग्रामसभा. बाईनं अर्ज दिलेला. जत्रंच्या मिरवणुकीत पोरांना डीजेपासनं लांब ठिवायचं, मधी दोर धरायचा, आन् पोरं रस्त्यावर असत्याली तवर आवाज निम्मा. एवढंच. डीजे बंद करा असंबी न्हाई. बाई उभी ऱ्हायली, कागद बघून शांतपणी बोलली. चौघा पोरांची नावं न घेता सांगितलं. बाया ऐकत हुत्या, माना हलवत हुत्या.

आनंदराव आप्पा मिशीवरनं हात फिरवत हुतं. त्यांना शेवटी मतं पाहिजेत. म्हणलं, "बाई, तुमचं म्हणणं काय चुकीचं न्हाई. पोरं आपलीच हायत. दोराचं..."

तेवढ्यात मागनं सम्राट म्हणला, "आप्पा, ह्ये सगळं धनगरवाड्यातनं निघालंय. माझ्या डीजेनं कान गेला म्हणत्यात. म्हस्कूमामा, नातीला ट्रॉलीवर कुणी बसवलं, मी का तुम्ही? तवा तर लई नाचत हुता!"

लोकं हसली.

गुरुजी, खरं बोलला हुता तो. म्हणूनच माझं डोस्कं फिरलं. खोटं बोलला असता तर मी शिवी देऊन बसलो असतो.

मी उठलो. बाईनं माझ्याकडं बघून हात खाली केला, बसा म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं केलं. "व्हय," म्हणलो, "मीच बसवली. तुझ्या बापाला मत दिलं आन् तुला पोर दिली. पर तू धा वरसं त्या भिंतीपाशी उभा ऱ्हातो. तुझं कान शाबूत हायत ना? मग बस हिथं मधी. पोरांची घेतली तशी तुझी पारख घेतो. अठ्ठेचाळीस लेकरं बसली, तुला काय धाड भरली?"

"आबा, नको," बाई म्हणली. हळू म्हणली. मला ऐकू आलं. माझं कान चांगलं हायत.

सम्राट गडी ऐटबाज. चार पोरं बघत हुती. गॉगल काढून खिशात घातला आन् बसला खुर्चीवर. "बांधा डोळं. काय बक्षीस ठिवलंय का मामा?" पुन्हा हशा.

मी सवता फडकं बांधलं. घंटी शाळंच्या कपाटातनं आणली. वीस पावलं मागं गेलो आन् हलवली. हळू न्हाई, चांगली हलवली. पार फाटकापाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली.

सम्राट गप. तोंडावर हसू तसंच.

मी डावीकडं गेलो, हलवली. सम्राट गप. उजवीकडं गेलो. पंधरा पावलांवर आलो. धा पावलांवर आलो.

"वाजवा की मामा!" सम्राट वरडला. "काय झोप लागली का?"

मी त्याच्या पाठीमागं पाच पावलांवर उभा ऱ्हाऊन घंटी हलवत हुतो.

आधी एक पोरगं हसलं. मग बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मग सगळी ग्रामसभा. सम्राटला वाटलं, मला हसत्यात. त्योबी हसाया लागला. "बघा, म्हातारं घाबरलं! वाजवा की!" आन् मी वाजवतोय, वाजवतोय. तवा कुठं लोकं हळूहळू गप झाली. सम्राट एकटाच हसत ऱ्हायला. त्यानं फडकं वर केलं, मागं वळला, माझ्या हातातली हलती घंटी बघितली. हलती दिसली त्याला. नुसती दिसली.

काय तोंड झालं हुतं म्हणून सांगू! मी त्याच्या कानाला लागून म्हणलो, मोठ्यानं, समद्यांना ऐकू जाईल असं, "तुला तर मी मेंढरंबी दिली नसती, सम्राट."

तीन दिस मला भाकरी गोड लागली. वाड्यातली पोरं नक्कल करायची, एक पोरगं डोळं बांधून बसायचं आन् म्हणायचं, वाजवा की मामा. मी पोट धरून हसायचो. सगुणा हसली न्हाई. म्हणली, "पोटच्या पोराचं तसलं बघून आनंदरावांनी खाली मान घातली हुती. तुम्ही बघितलं का?"

बघितलं हुतं. तेच तर बघायचं हुतं मला.

पण आनंदरावांनी मान खाली घातली ती वर केली तवा त्यात दगड हुता. दोराचं ते वाक्य पुन्हा कुणी काढलं न्हाई. सभा तिथंच मोडली. आठ दिसांत गावात बोललं जाया लागलं, बाई शाळा शिकवायची सोडून राजकारण करती, वाड्याला हाताशी धरून सरपंचाच्या पोराची बेअब्रू करती, जत्रा बंद पाडाया बघती. पटांगणातल्या खेळाला आनंदरावांच्या वरच्या आळीची पोरं यायची बंद झाली. आया सांगायच्या, त्या घंटीपाशी गेलास तर तंगडं मोडीन. मग अर्ज गेलं, अंगठं गेलं, सह्या गेल्या. फेब्रुवारी सरता सरता वरनं कागद आला. बाईला तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकली. खुटबावपासनं आता तिला जायला दोन तास, यायला दोन तास.

जायच्या आदल्या दिवशी ती वाड्यात आली. माझी कातर आणून दिली, फडक्यात गुंडाळून. मी म्हणलो, "बाई, ह्यो समदा त्या सम्राटचा डाव. मी त्याला..."

"आबा," ती म्हणली, "त्या दिवशी आप्पा काय म्हणत होते, ऐकलं होतं का तुम्ही?"

"दोराचं कायतरी."

"हो म्हणत होते. तोंडात आलं होतं त्यांच्या. तुम्ही दोन मिनिटं गप्प बसला असता तर."

एवढंच म्हणली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. प्रगतीला जवळ घेतलं, तिच्या उजव्या कानात कायतरी सांगितलं. काय सांगितलं ते पोरगी अजून सांगत न्हाई. आन् गेली.

चैतात जत्रा झाली. सम्राटनं ईर्षेनं अजून एक भिंत आणली. दोन ट्रॉल्या. त्याला आता आवाज कमीच वाटत असणार की, व्हय का न्हाई? मी प्रगतीला घेऊन दौंडाला भनीकडं गेलो सकाळीच. माझी एक पोर मी वाचवली. बाकीची शाळा त्या दोन भिंतींच्या मधी हुती. वाड्यातली चार पोरं बोटं कानात घालून उभी हुती म्हणत्यात. त्यांना मोठी माणसं हसली, हात वढून खाली केलं. गुलालाच्या मिरवणुकीत मी तसाच खालनं वरडलो हुतो, नाच की मग. मी कुणाला काय बोलू?

अजून एक सांगतो, ते सगुणाला आवडलं न्हाई, तुम्हालाबी आवडायचं न्हाई. मागल्या महिन्यात दुपारचा सम्राट वाड्यात आला. बुलेट लांब लावून, एकटा, पायी. मी हितंच शेळ्यांना पाला टाकत हुतो.  मग म्हणला, जरा मोठ्यानंच, तो आता मोठ्यानंच बोलतो, "मामा, शिरूरचा तो कानाचा डाक्टर... कुठं बसतो?"

मी पाला टाकत ऱ्हायलो.

"मामा, डाक्टरचं इचारतोय."

मी त्याच्याकडं बघितलं. हात कानामागं नेला आन् म्हणलो, "काय म्हणतो? ऐकू आलं न्हाई."

तो गेला. सगुणा मागनं पळत गेली, पर बुलेट निघून गेली हुती. त्या रात्री सगुणानं मला वाढलं आन् बोलली न्हाई. अजून नीट बोलत न्हाई. आन् गुरुजी, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलंच न्हाई. आतनं गार वाटलं.

तेच तुम्हाला सांगायचंय. च्या गार झाला, घ्या.

त्या घंट्या शाळंतच हायत, कपाटात, खालच्या कप्प्यात, सुलक्षणाबाईनं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ठिवल्यात. वर चिठ्ठी हाय, कसं करायचं, किती पावलं, चुकलं तर आईबापाला काय सांगायचं. मला वाचता येत न्हाई धड, प्रगतीनं वाचून दाखवली. तुम्ही ते पुन्हा चालू करा. वरच्या आळीत सवता जावा, एकेका घरात बसा, च्या प्या, म्हणा की ह्ये माझं हाय, म्हस्कूचं न्हाई. हात लांब करायचं शिकवा. जत्रा अजून धा महिनं लांब हाय. दोराचं आप्पांना तुम्ही इचारा, एकट्यानं इचारा. तुम्हाला ते न्हाई म्हणायचं न्हाईत, तुम्ही नवं हाय.

आन् यंदा पयलीत सम्राटचं पोरगं येतंय. स्वराज. गोरंगोमटं हाय, बापासारखं ऐटीत चालतं. बाप त्याला मांडीवर घिऊन डीजेच्या मिक्सरपाशी बसवायचा, चाकं फिरवायला शिकवायचा. त्यालाबी पटांगणात बसवा. डोळं बांधा. घंटी वाजवा.

ते पोरगं चुकलं ना गुरुजी, तर मला आनंद हुईल. सहा वर्साचं लेकरू, त्यानं माझं काय वाईट केलंय? पर हुईल. मी सवताला वळखतो. मी हसंन, आन् गावाला ऐकू जाईल, आन् पुन्हा समदं तिथंच येईल.

म्हणून तुमच्याकडं एकच मागणं हाय. पारखीच्या दिवशी मी शाळंच्या फाटकात दिसलो, कायबी निमित्त काढून आलो, नातीला डबा द्यायला आलो म्हणलो, तरी मला आत घेऊ नका. हात धरून हाकलून द्या मला.